चार हजार मीटरवरची हाडं : वाचकांचे प्रश्न

मागच्या लेखात उत्तर चिलीतल्या चुकाल या ठिकाणाविषयी लिहिलं होतं. अँडीजच्या ओसाड पठारावर, समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरपेक्षा जास्त उंचीवर, पाठीवर हाडाचं कवच असलेल्या आर्माडिलोच्या कुळातल्या एका नामशेष प्राण्याचे जीवाश्म मिळाले, त्याची ती हकिगत होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना इथे उत्तरं देतो.

प्रश्न (पुणे, भूगोलाच्या शिक्षिका) : वर्गात तुमचा लेख वाचून दाखवला. मुलांचा प्रश्न असा, की इतक्या उंचीवर माणसाला धाप लागते, तर हे कवचवालं जड जनावर तिथे चढलं कसं आणि तिथे खात काय होतं?

मुलांना सांगा, की ते जनावर ज्या जमिनीवर जगलं आणि मेलं, ती जमीनच नंतर वर उचलली गेली. पॅसिफिक महासागराखालचा नाझ्का भूपट्ट दक्षिण अमेरिकेच्या भूपट्टाखाली सरकतो आहे. त्या रेट्याने खंडाची पश्चिम कड आखडली, जाड झाली आणि वर आली. तेच अँडीज.

चुकालच्या प्राण्याचं नाव पॅरॅप्रोपॅलिहॉप्लोफोरस. नाव लांबलचक आहे, पण मुलांना अशी नावं पाठ करायला आवडतात, म्हणून पूर्ण दिलं. डॅरिन क्रॉफ्ट, जॉन फ्लिन आणि आंद्रे वाइस यांनी २००७ मध्ये त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. वय सुमारे १ कोटी ८० लाख वर्षं, वजन अंदाजे ९० किलो. तो ग्लिप्टोडॉन्ट नावाच्या कवचधारी गटातला. पुढे याच गटात टनभर वजनाचे प्राणी झाले, त्या मानाने हा लहानच. तो जगत होता तेव्हा ही जागा सुमारे हजार मीटर उंचीवरचा गवताळ, मोकळा प्रदेश असावी असा अंदाज आहे. म्हणजे चरायला भरपूर होतं आणि श्वासाला हवाही होती.

याहून बोलकं उदाहरण बोलिव्हियातल्या साया या गावाजवळचं आहे. तिथले खडक सुमारे अडीच कोटी वर्षांहून जुने आणि आजची उंची ३,७०० मीटरच्या आसपास. तिथे आर्माडिलोचे नातलग असलेल्या जुन्या स्लॉथांचे (आजचे स्लॉथ म्हणजे झाडांना लटकून राहणारे मंद प्राणी) जबडे मिळाले आणि त्याच खडकांत ब्रॅनिसेला नावाच्या माकडाचेही अवशेष मिळाले. आज त्या माळावर माकडाला बसायला धड झाड नाही. एकाच थरात माकड आणि स्लॉथ सोबत दिसले, की ती जमीन तेव्हा खाली आणि उबदार असली पाहिजे, हे उंची मोजण्याआधीच कळतं.

वर्गात दाखवायला पुरावा हवा असेल, तर तो पुण्यातल्या कित्येक देवघरांत आहे. तुळशीच्या लग्नात मांडतात तो शाळिग्राम गंडकीच्या पात्रातून येतो, आणि त्यातलं चक्र म्हणजे हिमालयाच्या जागी पूर्वी असलेल्या टेथिस समुद्रात राहणाऱ्या, शंखासारखं गुंडाळलेलं कवच असलेल्या अमोनाइटचा जीवाश्म. समुद्रातला तो जीव आज हिमालयात सापडतो, त्याचं कारणही जमीन उचलली जाणं हेच.

प्रश्न (कोल्हापूर, गिर्यारोहक) : मग उंचावर सापडणारे सगळेच स्लॉथ आणि आर्माडिलो असे "उचललेले" समजायचे का?

नाही, आणि हा प्रश्न विचारलात याचा मला फार आनंद झाला. बातम्यांमध्ये नेमकी इथेच गल्लत होते. नुसत्या उंचीच्या आकड्यावरून काहीही ठरत नाही. आधी खडकाचं वय विचारायचं. वय कोटी-दोन कोटी वर्षं असेल, तर जमीन उचलली गेली. वय काही हजार किंवा एक-दोन लाख वर्षं असेल, तर डोंगर तेव्हाही जवळजवळ आजच्याएवढाच उंच होता आणि प्राणी स्वतःच्या पायांनी तिथे पोचला होता.

आग्नेय पेरूत, तितिकाका सरोवराच्या बाजूला, कासा देल दियाब्लो म्हणजे "सैतानाचं घर" नावाची गुहा आहे. स्वीडिश संशोधक एरलँड नॉर्डेनशल्ड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथून स्लॉथांची हाडं नेली. त्यांतल्या एकाला २००७ मध्ये डायबोलोथेरियम असं नाव मिळालं. त्याच्या हातापायांच्या सांध्यांची ठेवण चढणाऱ्या प्राण्यासारखी आहे. त्या उंचीवर चढायला झाडं कुठली? त्यामुळे तो कड्याकपारींत चढत असावा, ही कल्पना मला पटते. हा हिमयुगातला, म्हणजे भूशास्त्राच्या हिशेबात अगदी अलीकडचा प्राणी. तो खराखुरा डोंगरी स्लॉथ होता.

राक्षसी स्लॉथ मेगाथेरियम बहुतेकांना अर्जेंटिनाच्या सपाट पंपास मैदानातला म्हणून माहीत असतो. पण बोलिव्हियाच्या पठारावर मिळालेल्या, हिमयुगाच्याही आधीच्या एका जातीला २००१ मध्ये मेगाथेरियम अल्टिप्लॅनिकम असं नाव दिलं गेलं. तारिहा खोऱ्यात, सुमारे १,९०० मीटरवर, मेगाथेरियम तारिहेन्से होता. हे अँडीजमधले भाऊबंद मैदानातल्या थोरल्यापेक्षा अंगाने लहान.

थंडीचं काय, असंही तुम्ही पुढे विचारलं आहे. आजच्या स्लॉथांचं आणि आर्माडिलोंचं शरीर मंद चालतं, अंगातली ऊब कमी असते, म्हणून शंका रास्त आहे. पण मोठ्या अंगात उष्णता टिकते. शिवाय दक्षिण चिलीतल्या गुहेत १८९५ मध्ये मायलोडॉन स्लॉथचं कातडं मिळालं, त्यावर दाट, राठ केस अजून शाबूत होते. आणि जिवंत साक्षीदारही आहे : बोलिव्हियाच्या उंच पठारावर आजही किरकिंचो नावाचा केसाळ आर्माडिलो राहतो. त्याच्या कवचापासून चारांगो हे तंतुवाद्य बनवत. त्यापायी तो इतका मारला गेला, की आता चारांगो बहुतेक लाकडाचेच होतात, आणि तेच बरं.

प्रश्न (नाशिक, बी.एस्सी.चा विद्यार्थी) : डोंगर तेव्हा किती उंच होता हे खडकावरून कसं ओळखतात?

मुख्य वाटा दोन. पहिली पानांची. उबदार हवेत सरळ कडेची पानं असलेल्या झाडांचं प्रमाण जास्त असतं, थंडीत दातेरी कडेच्या पानांचं. जीवाश्म पानांवरून तापमान काढायचं आणि तापमानावरून उंची. बोलिव्हियातल्या हाकोकोटा आणि पोटोसी इथल्या पानांवरून असं निघालं, की सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी हे पठार आजच्या निम्म्याहून उंच नव्हतं.

दुसरी वाट रसायनाची. जुन्या मातीत चुनखडीचे खडे तयार होतात. त्यांत कार्बन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिकं (म्हणजे त्याच मूलद्रव्यांचे जास्त वजनाचे अणू) एकमेकांशी किती प्रमाणात जोडली गेली आहेत, हे माती तेव्हा किती थंड होती यावर ठरतं. २००६ मध्ये या पद्धतीने असा निष्कर्ष आला, की साधारण १ कोटी ते ७० लाख वर्षांपूर्वीच्या काळात पठार जवळपास तीन किलोमीटर वर आलं. इतक्या झपाट्याने आलं यावर सगळ्यांचं एकमत नाही. काहींच्या मते ते सावकाश, टप्प्याटप्प्याने आणि जागोजागी वेगळ्या वेळी उठलं. मला हा दुसरा विचार जास्त सयुक्तिक वाटतो, कारण एवढा लांबरुंद प्रदेश सगळीकडे एकाच तालात उचलला जाईल हे अवघड आहे.

वयाचा प्रश्न मात्र तिथे सोपा होतो. ज्वालामुखींची राख मधूनमधून पडत राहिली, तिच्यातल्या खनिजांचं वय त्यांत साठलेला आर्गॉन वायू मोजून काढता येतं. राखेच्या दोन थरांमध्ये हाड मिळालं, की त्याचं वय त्या दोन तारखांच्या मधलं.

प्रश्न (चिपळूण) : आमच्याकडचं खवल्या मांजर हे आर्माडिलोचंच भावंड ना?

नाही. खवल्या मांजर कुळाने मांसाहारी प्राण्यांच्या, म्हणजे वाघ-कुत्र्यांच्या जवळचं. त्याचे खवले आपल्या नखांसारख्या केराटिनचे असतात. आर्माडिलोचं कवच कातडीत तयार झालेल्या हाडाचं असतं. दोघे मुंग्या-वाळवी उकरून खातात, दोघांनी अंगावर चिलखत घेतलं, एवढंच साम्य. म्हणूनच आर्माडिलोचं कवच जीवाश्म होऊन कोट्यवधी वर्षं टिकतं, आणि खवले क्वचितच.

आपलं अस्वलही या घोळातून सुटलं नव्हतं. १७९१ मध्ये जॉर्ज शॉ यांनी त्याची लांब नखं आणि समोरचे नसलेले दात पाहून त्याला स्लॉथांच्या गटात टाकलं होतं. भारतात स्लॉथ किंवा आर्माडिलो कधीच नव्हते. त्यांचं कूळ दक्षिण अमेरिकेत वाढलं, आणि ते खंड कित्येक कोटी वर्षं पाण्याने वेढलेलं होतं.

प्रश्न (सांगली) : कवचाच्या एका तुकड्यावरून प्राणी ओळखतात असं तुम्ही लिहिलंत. एवढी खात्री कशी?

कारण तो तुकडा खूप काही सांगतो. ग्लिप्टोडॉन्ट गटातल्या ग्लिप्टोडॉन या प्राण्याच्या कवचात हजाराहून अधिक हाडांच्या चकत्या असत, एकेक चकती सुमारे अडीच सेंटिमीटर जाड. वरच्या बाजूला मधोमध एक गोलसर उंचवटा आणि त्याभोवती लहान उंचवट्यांचं कडं, रांगोळीत मधल्या फुलाभोवती पाकळ्या काढाव्यात तसं. त्यांच्यामधल्या खाचांत बारीक भोकं दिसतात, तिथून केस उगवत. चकतीच्या कडा खडबडीत, दातेरी असतात, कारण शेजारच्या चकतीत ती घट्ट अडकलेली असते. आतली बाजू गुळगुळीत, किंचित खोलगट, रक्तवाहिन्यांच्या छिद्रांची.

आर्माडिलोच्या पाठीवरच्या हलत्या पट्ट्यातली चकती हातात आली, तर ती लांबट चौकोनी असते आणि तिचा पुढचा भाग नक्षीविना सपाट असतो, कारण तो पुढच्या पट्ट्याखाली सरकतो. पॅम्पाथेरियम नावाच्या तिसऱ्या गटात असे हलते पट्टे तीन होते. ग्लिप्टोडॉनचं कवच मात्र एकसंध.

दातांचं मात्र एवढं सोपं नाही. या साऱ्या कुळाच्या दातांवर इनॅमल जवळपास नसतंच, ते आयुष्यभर वाढतात, आणि दोन गटांत सारखे दिसू शकतात. सायाच्या ज्या स्लॉथांचा वर उल्लेख केला, त्यांतल्या एकाचे दात इतके ग्लिप्टोडॉन्टसारखे खाचेदार आहेत, की त्याचं नावच स्यूडोग्लिप्टोडॉन, म्हणजे "खोटा ग्लिप्टोडॉन", असं ठेवलं गेलं.

नातेसंबंधांवर शेवटचा शब्द आता बऱ्याचदा डीएनए देतो. २०१६ मध्ये डोएडिक्युरस या ग्लिप्टोडॉन्टच्या कवचातून मिळालेल्या डीएनएवरून कळलं, की ग्लिप्टोडॉन्ट हे आर्माडिलोंचे नुसते शेजारी नव्हेत, त्यांच्याच घरातली एक शाखा होती.

प्रश्न (डेन्व्हर, कोलोरॅडो) : आमच्या शहरातल्या संग्रहालयात स्नोमासच्या स्लॉथविषयी ऐकलं. रॉकी पर्वतातला हा "उचललेला" की "चढलेला"?

चढलेला. स्नोमासजवळ, सुमारे २,७०० मीटरवर, एका जलाशयाचं काम चालू असताना ऑक्टोबर २०१० मध्ये बुलडोझरखाली मॅमथची हाडं आली. मग डेन्व्हरच्या संग्रहालयाने तिथे मोठं उत्खनन केलं. हत्तीसारखे मॅस्टोडॉन, उंट, प्राचीन गवे आणि त्यांच्यासोबत मेगॅलॉनिक्स स्लॉथ. वय साधारण १ लाख ४० हजार ते ५५ हजार वर्षं. रॉकी पर्वत तेव्हाही उंचच होते. याच स्लॉथच्या नखांवर थॉमस जेफरसन यांनी १७९७ मध्ये निबंध वाचला होता, आणि ती सिंहासारख्या प्रचंड श्वापदाची असावीत असं त्यांना वाटलं होतं. संग्रहालय तुमच्या गावातच आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

प्रश्न (ठाणे) : हे सगळे माणसानेच संपवले का?

माणसाचा हात होता, याविषयी माझ्या मनात शंका नाही. अर्जेंटिनात काम्पो लाबोर्दे इथे सुमारे १२,६०० वर्षांपूर्वी मेगाथेरियम मारून कापल्याच्या खुणा मिळाल्या. ब्यूनोस आयर्सजवळ ग्लिप्टोडॉन्टच्या हाडांवर हत्याराने कापल्याच्या खुणा आहेत, त्या तर सुमारे २१,००० वर्षांपूर्वीच्या. पेरूत कुंकाइचा इथे माणूस १२,००० वर्षांपूर्वीच जवळपास ४,५०० मीटरवर वस्तीला होता, म्हणजे डोंगरही आसरा उरला नव्हता. त्याच सुमारास हवामान आणि गवताळ प्रदेशही झपाट्याने बदलत होते. तरी कॅरिबियन बेटांचा दाखला मला निर्णायक वाटतो. खंडावरचे मोठे स्लॉथ दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी संपले, पण तिथले स्लॉथ साडेचार हजार वर्षांपूर्वीपर्यंत टिकले, कारण तिथे माणूस उशिरा पोचला. हवामान तर दोन्हीकडे बदललं होतं.

प्रश्न (मुंबई) : आम्ही पेरू-बोलिव्हियाला जाणार आहोत. वाटेत असा तुकडा दिसला तर आणता येईल का?

नका आणू. तिथल्या देशांत जीवाश्म ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि परवानगीशिवाय देशाबाहेर नेणं गुन्हा आहे. बाजारात कुणी विकायला आणला तरी घेऊ नका. शिवाय तुकडा जागेवरून उचलला, की तो कुठल्या थरातला, वरची राख कुठली, हे कायमचं गेलं, आणि वय काढण्याची वाट बंद झाली. शेजारी पेन किंवा नाणं ठेवून फोटो काढा, मागचा खडक दिसेल असा आणखी एक फोटो घ्या, मोबाइलवरून जागेचे अक्षांश-रेखांश टिपा आणि जवळच्या संग्रहालयाला कळवा. तुकडा जिथे होता, तिथेच राहू द्या.