डॅलसला मुलांना घेऊन येताय? बंदुकांबद्दल सविस्तर उत्तर

ताई, तुमचा प्रश्न वाचला. यजमानांची एल-१ व्हिसावर डॅलसला बदली झाली आहे, मुलगा तेरा वर्षांचा, मुलगी सात वर्षांची. घरात सध्या एकच विषय चालू आहे: तिथे शाळांत गोळीबार होतात, मग मुलांना न्यायचं की नाही? सासूबाई नको म्हणतात. यजमानांचे ऑफिसमधले मित्र म्हणतात काही होत नाही, तिकडे सगळेच बंदूक ठेवतात, तुम्हीही एक घेऊन टाका. मी डॅलसच्या उत्तरेला प्लेनोत राहते, माझी मुलं इथल्याच पब्लिक स्कूलमध्ये शिकतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी सरळ उत्तर देते. मुलांना घेऊन या. फक्त शाळेइतकंच, किंबहुना जास्त लक्ष तुमची मुलं ज्या घरांत खेळायला जाणार आहेत त्या घरांकडे द्या. अमेरिकेत १ ते १९ या वयोगटात २०२० साली बंदूक हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण झालं, गाडीच्या अपघातांच्याही पुढे गेलं. त्या वर्षी चार हजारांहून जास्त मुलं गेली. त्यातली शाळेत मारली गेलेली फार थोडी. बाकीची रस्त्यावरच्या भांडणांत, स्वतःच्या घरात, नातेवाइकांकडे, मित्राच्या खोलीत. चिमुरड्यांचे अपघात आणि शाळकरी पोरांच्या आत्महत्या यांत तर बंदूक बहुतेक वेळा घरातल्याच कुणाची असते.

बंदूक विकत घेण्याचा विषय तुमच्यापुरता संपलेलाच आहे. एल-१, एल-२, एच-१बी, एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगणं हा फेडरल कायद्याने गुन्हा आहे. शिकारीचं लायसन्स असेल तर वगैरे अपवाद आहेत, पण त्या वाटेला जाऊच नका. इथे ऑफिसच्या टीम औटिंगला शूटिंग रेंजवर जायची पद्धत आहे. तिथे भाड्याची बंदूक हातात घेणंही या नियमात येऊ शकतं. यजमानांना सांगून ठेवा, इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. व्हिसा गेला तर ती हौस फार महागात पडेल. ग्रीन कार्डवाल्यांना हा नियम नाही, त्यामुळे मित्रांनी घेतली असेल तर ती कायदेशीर असू शकते.

आपल्याकडे शस्त्राचा परवाना काढायला किती उंबरे झिजवावे लागतात आणि निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात कशी जमा करावी लागते, हे तुम्ही बघितलं असेल. डॅलस ज्या राज्यात आहे त्या टेक्ससमध्ये सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला पिस्तूल बाळगून फिरायला परवानाच लागत नाही. दुकानातून घेताना सरकारी यादीत नाव तपासतात, पण दोन खासगी माणसांनी आपसांत विकली तर तेवढीही तपासणी नाही. रायफल अठराव्या वर्षी दुकानात मिळते. काही दुकानांच्या आणि दवाखान्यांच्या दारावर '३०.०६' आणि '३०.०७' अशा पाट्या दिसतील. पहिलीचा अर्थ लपवलेलं पिस्तूल आत आणू नका, दुसरीचा उघड दिसणारं आणू नका. रोजच्या जगण्यात प्रत्यक्ष बंदूक मात्र फार क्वचित दिसते.

आता मुख्य गोष्ट. एका पाहणीतून असा अंदाज निघाला आहे की अमेरिकेत सुमारे ४६ लाख मुलं अशा घरांत राहतात जिथे निदान एक बंदूक गोळ्या भरलेली आणि कुलूप नसलेली असते. उशाजवळच्या ड्रॉवरमध्ये, कपाटाच्या वरच्या फळीवर, आईच्या पर्समध्ये, गाडीच्या सीटमधल्या कप्प्यात. आणि घरातल्या मुलांना ही जागा माहीत असते. दिवाळीचा फराळ आपण कुठल्याही डब्यात लपवला तरी आपली मुलं तो शोधतातच की. म्हणून मुलगी पहिल्यांदा कुणाकडे प्लेडेटला जाणार असेल तेव्हा विचारा. इथले बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात.

कसं विचारायचं, याचाच आपल्याला संकोच वाटतो. मी शेंगदाण्याच्या अॅलर्जीबरोबरच विचारते. माझ्या लेकीच्या मैत्रिणीच्या आईला मेसेज केला होता: 'तिला शेंगदाणे चालत नाहीत, कुत्रा चालतो. आणि घरात गन असेल तर ती लॉक असते ना? मी सगळ्यांनाच विचारते.' पाच मिनिटांत उत्तर आलं. दोन शॉटगन आहेत, नवरा सप्टेंबरमध्ये पारव्यांच्या शिकारीला नेतो, दोन्ही सेफमध्ये असतात, कोड फक्त आम्हा दोघांना माहीत आहे, गोळ्या वेगळ्या ठेवतो. खाली तिनेच विचारलं होतं, 'तुमच्या स्विमिंग पूलच्या गेटला कडी आहे ना?' तिला राग आला नाही, उलट तिलाही काळजीचं विचारायला वाट मिळाली. दुसऱ्या एका घरून उत्तर आलं, 'मुलं वरच्या मजल्यावर जात नाहीत.' मी त्यांच्या मुलीलाच आमच्याकडे बोलावून घेतलं. आजही ती आमच्याकडेच येते, मैत्री छान टिकली आहे.

आपल्या मंडळींनाही विचारा. 'आपल्यातले आहेत, त्यांच्याकडे कशाला असेल' हे गृहीत धरू नका. नागरिकत्व मिळालेल्या, दुकानं किंवा पेट्रोल पंप चालवणाऱ्या आपल्या लोकांकडेही असते.

मुलीला चार वाक्यं पाठ करून घ्या: थांब, हात लावू नको, तिथून पळ, मोठ्या माणसाला सांग. ही वाक्यं नॅशनल रायफल असोसिएशन या बंदूकधारकांच्याच संघटनेच्या कार्यक्रमातली, १९८८ पासूनची. शिकवा जरूर, पण त्यावर विसंबू नका. शिकवलेली मुलंही खरी बंदूक समोर आली की उचलून बघतात, हे प्रयोगांत दिसलं आहे. बंदूक कुलपात ठेवायची जबाबदारी मोठ्यांचीच आहे.

इथला सगळा वाद याच जबाबदारीवर अडलेला आहे, आणि तो तुम्हाला शेजाऱ्यांकडून ऐकावा लागणार, म्हणून नीट सांगते. टेक्ससमध्ये १९९५ पासून कायदा आहे: भरलेली बंदूक मुलाच्या हाती लागेल अशी निष्काळजीपणे ठेवली तर गुन्हा. शिक्षा म्हणजे ५०० डॉलरपर्यंत दंड. मुलाने ती झाडली आणि कुणी मेलं किंवा गंभीर जखमी झालं तर एक वर्षापर्यंत तुरुंगवास. मुलाने स्वतःलाच गोळी मारून घेतली असेल तर घरच्यांना सात दिवस अटक करायची नाही, असंही त्यात लिहिलं आहे. पण या कायद्यात 'मूल' म्हणजे १७ पेक्षा कमी वयाचं. १८ मे २०१८ ला ह्यूस्टनजवळच्या सँटा फे हायस्कूलमध्ये एका विद्यार्थ्याने वडिलांची शॉटगन आणि रिव्हॉल्वर आणून दहा जणांना मारलं. तो १७ वर्षांचा होता, म्हणून हा कायदा त्याच्या आईवडिलांना लागूच झाला नाही. मृतांच्या घरच्यांनी दिवाणी दावा लावला, तर २०२४ मध्ये ज्यूरीने आईवडिलांना जबाबदार धरलं नाही. त्याच वर्षी मिशिगनमध्ये नेमकं उलट झालं. ऑक्सफर्ड हायस्कूलमध्ये २०२१ साली चार विद्यार्थ्यांना मारणाऱ्या मुलाला वडिलांनी चारच दिवस आधी पिस्तूल घेऊन दिलं होतं. तिथे आई आणि वडील दोघांनाही सदोष मनुष्यवधासाठी दहा ते पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

बंदूक बाळगणाऱ्यांचंही म्हणणं ऐकून घेण्यासारखं आहे. गावाबाहेर रँचवर राहणारा सांगतो, पोलीस यायला अर्धा तास लागतो, रात्री दार फोडलं तर मी सेफ उघडत बसू का? २००८ च्या हेलर खटल्यात सुप्रीम कोर्टाने वॉशिंग्टन डीसीचा घरातली बंदूक भाग सुटे करून किंवा कुलूपबंद ठेवायची सक्ती करणारा नियम याच मुद्द्यावर रद्द केला होता. पण बोट टेकवलं की दोन सेकंदांत उघडणाऱ्या सेफ आता कुठल्याही मोठ्या दुकानात मिळतात. आणि मुलांपासून बंदूक दूर ठेवायला लावणारे कायदे आहेत तिथे मुलांच्या आत्महत्या आणि अपघात कमी होतात, याचा पुरावा बंदुकांविषयीच्या सगळ्या कायद्यांत सर्वांत भक्कम आहे. कुणाची बंदूक काढून घ्या असं हे कायदे म्हणत नाहीत, कुलूप लावा एवढंच म्हणतात. टेक्ससने १७ ची मर्यादा १८ करावी आणि अपघात व्हायची वाट न बघता कुलूप सक्तीचं करावं, असं माझं ठाम मत आहे. आमच्या आमदारांना मी हे लिहून कळवलंही आहे. व्हिसावर असलात तरी तुम्हीही पत्र लिहू शकता, त्याला मताधिकार लागत नाही.

तुमच्या मुलाबद्दल वेगळं लिहिते. तेराव्या वर्षी देश, शाळा, मित्र, भाषेचा लहेजा, सगळं एकदम बदलतं. या वयातल्या उदासीकडे आपण 'रुळेल हळूहळू' म्हणून काणाडोळा करतो. इथे त्या उदासीच्या जवळपास बंदूक असू शकते, आणि बंदुकीने केलेला आत्महत्येचा प्रयत्न बहुतेक वेळा जीव घेऊनच थांबतो. औषधाच्या गोळ्या खाल्लेल्या मुलाला वाचवायला निदान वेळ मिळतो. मुलगा मोठा आहे म्हणून त्याच्या मित्रांच्या घरी विचारणं सोडू नका, उलट तिथे जास्त विचारा. शाळेत काउन्सेलर असतो, पहिल्याच महिन्यात त्याची गाठ घालून द्या. ९८८ हा मानसिक संकटाच्या वेळचा नंबर त्याच्या फोनमध्ये घाला, आणि तो कशासाठी आहे हे बसून समजावून सांगा.

राहिली शाळा. तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही. २४ मे २०२२ ला युवाल्डीच्या प्राथमिक शाळेतल्या गोळीबारात १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. ते गाव याच राज्यात आहे. ६ मे २०२३ ला आमच्या शेजारच्या अॅलनमध्ये, पाहुणे आले की आपण सगळे खरेदीला जातो त्या आउटलेट मॉलमध्ये, आठ जण मारले गेले. त्यात लहान मुलं होती आणि हैदराबादकडची एक तरुण इंजिनियरही. तो आठवडा इथल्या भारतीय घरांत कुणी नीट जेवलं नसेल. पण लाखो मुलं रोज शाळेत जातात आणि परत येतात, हेही तितकंच खरं आहे. युवाल्डीनंतर २०२३ मध्ये प्रत्येक शाळेत सशस्त्र सुरक्षारक्षक ठेवायचा कायदा झाला. वर्गाची दारं कुलूपबंद असतात, आत जायचं तर ड्रायव्हिंग लायसन्स स्कॅन करतात. मुलांचा लॉकडाउन ड्रिल, म्हणजे हल्लेखोर आत शिरला तर वर्गात लपायचा सराव, होतो. माझ्या लेकीला दार बंद, दिवे बंद, नजरेआड हे पहिलीतच शिकवलं. रात्री जेवताना तिने पोळी मोडता मोडता सांगितलं, 'आम्ही कोपऱ्यात बसतो आणि अजिबात हसायचं नाही.' माझ्या घशाखाली घास उतरला नाही. तुमच्या मुलीला आधीच शांतपणे कल्पना द्या, म्हणजे पहिल्या ड्रिलला ती एकटी घाबरणार नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. ॲडमिशनच्या फॉर्मवर आल्या आल्या इथला मोबाइल नंबर घाला, भारतातला नको. शाळेचे तातडीचे मेसेज त्यावरच येतात. 'होल्ड' आलं तर मुलं वर्गातच थांबलेली असतात, बहुतेक वेळा कुणाची तब्येत बिघडलेली असते. 'सिक्योर' म्हणजे धोका शाळेबाहेर आहे, दारं बंद करून आत वर्ग चालू आहेत. 'लॉकडाउन' आलं तर गाडी काढून शाळेकडे धावू नका, पोलिसांचा रस्ता अडतो. मुलं कुठे ताब्यात मिळणार ते शाळा कळवते, तिथेच जा आणि फोटो असलेलं ओळखपत्र बरोबर ठेवा. तुमचं ड्रायव्हिंग लायसन्स तोवर झालं नसेल तर पासपोर्ट चालतो.