पासपोर्ट रवाना झाल्याचे दिसते, पण दोन महिने झाले तरी घरी आलेला नाही. पुन्हा नवा अर्ज करावा का?

आपण लिहिले आहे की आपले गाव दारव्हा तालुक्यात आहे, पोलीस पडताळणी सुरळीत झाली, पासपोर्ट स्पीड पोस्टाने रवाना झाल्याची नोंद दोन महिन्यांपासून संकेतस्थळावर दिसते, लिफाफा मात्र आलेला नाही आणि ज्यांच्याकडून अर्ज भरून घेतला ते सेतू केंद्राचे चालक ‘नवीन अर्ज टाकून मोकळे व्हा’ असे सांगत आहेत. माझी कळकळीची विनंती आहे की तसे मुळीच करू नका.

आपल्या हातात आलेला नसला तरी आपल्या नावाचा पासपोर्ट छापून तयार झाला आहे, त्याला क्रमांक मिळाला आहे आणि सरकारच्या दृष्टीने तो आज चालू आहे. नव्या अर्जात यापूर्वी पासपोर्ट मिळाला होता का, हे विचारलेले असते. तिथे ‘नाही’ लिहिले तर ते माहिती दडवणे ठरते आणि पासपोर्ट अधिनियम 1967 च्या कलम 12 प्रमाणे जाणूनबुजून खोटी माहिती देणे किंवा महत्त्वाची माहिती लपवणे हा गुन्हा आहे. सेतूवाल्यांच्या मनात वाईट काही नसेल, पण त्या अर्जावर सही आपली असणार आहे.

म्हणून आधी लिफाफा कुठे आहे हे शोधावे आणि मगच कोणता अर्ज करायचा ते ठरवावे. ‘पासपोर्ट आला नाही’ या तीन शब्दांत निरनिराळ्या गोष्टी असू शकतात. तो वाटेत किंवा एखाद्या डाकघरात पडून असेल, परत नागपूरच्या प्रादेशिक पासपोर्ट कार्यालयात गेला असेल, भलत्याच कुणाच्या हाती दिला गेला असेल किंवा खरोखरच गहाळ झाला असेल. यांपैकी फक्त शेवटच्या प्रसंगी दुसरा पासपोर्ट काढावा लागतो.

शोधाची सुरुवात मोबाइल क्रमांकापासून करा. आपल्याकडे अर्ज भरून देणारे पुष्कळदा स्वतःचाच मोबाइल क्रमांक आणि ईमेल टाकतात, त्यामुळे पासपोर्ट रवाना झाल्याचा आणि स्पीड पोस्ट क्रमांकाचा संदेश त्यांच्या फोनवर जातो आणि आपल्याला काहीच कळत नाही. त्यांच्याकडून लॉगिनचा तपशील आणि पावती मागून घ्या, तो आपला हक्क आहे. पावतीवरचा फाइल क्रमांक व जन्मतारीख टाकली की पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावर सद्यःस्थिती दिसते. (याच कारणासाठी या दोन गोष्टी उघडपणे कुठेही लिहू नका.) रवाना झाल्याच्या नोंदीसोबत तेरा अक्षर-अंकांचा स्पीड पोस्ट क्रमांक असतो: आधी इंग्रजीतील दोन अक्षरे, मग नऊ अंक आणि शेवटी भारताची खूण असलेली दोन अक्षरे. तो मिळत नसेल तर पासपोर्ट सेवेच्या 1800-258-1800 या निःशुल्क क्रमांकावर फाइल क्रमांक सांगून विचारता येते. स्पीड पोस्ट क्रमांक डाक विभागाच्या संकेतस्थळावर टाकून शेवटच्या दोन ओळी नीट वाचा, कारण लिफाफा शेवटी कोणत्या डाकघरात होता हे तिथेच कळते. इतका उशीर झाल्यामुळे ती नोंद आजच कागदावर छापून ठेवा.

तीन वर्षांपूर्वी माझ्या आईच्या पासपोर्टच्या बाबतीत मला हेच करावे लागले होते. ताई शारजाला असते आणि तिच्या बाळंतपणासाठी आईला जायचे होते. आमचे गाव वर्धा जिल्ह्यात आहे आणि नाल्याच्या अलीकडे बुद्रुक, पलीकडे खुर्द अशी एकाच नावाची दोन गावे आहेत. दोन्ही गावांची डाक वेगवेगळ्या उपडाकघरांतून येते, त्यामुळे पिन कोडही वेगळे आहेत. आईचा अर्ज मीच भरला होता. पत्त्यात गावाच्या नावापुढे ‘बुद्रुक’ लिहायचे राहून गेले आणि पिन कोड चुकून पलीकडच्या गावाचा पडला. खेड्यात घर क्रमांक किंवा गल्ली नसते, वार्ड क्रमांक आणि पिन एवढ्याच आधाराने डाक फिरते. शिवाय ‘मुक्काम’ एक आणि ‘पोस्ट’ दुसरे असेल तर पिन पोस्टाच्या गावाचा लिहायचा असतो, हे अर्ज भरताना माझ्या लक्षात आले नव्हते.

रवाना झाल्याचा संदेश आल्यापासून बाराव्या दिवशी मी क्रमांकाची नोंद पाहिली आणि आमच्याऐवजी खुर्दच्या उपडाकघराचे नाव दिसताच मोटारसायकल काढून तिथे गेलो. तेथील पोस्टमास्तरांनी शांतपणे ऐकून घेतले, लोखंडी कपाट उघडले आणि परत पाठवायच्या डाकेच्या गठ्ठ्यातून आईच्या नावाचा लिफाफा काढून टेबलावर ठेवला. त्यावर लाल शाईने लिहिले होते, ‘या नावाची व्यक्ती गावात नाही.’ ग्रामीण डाक सेवकाने आपले काम चोख केले होते, चूक माझ्या पत्त्यात होती. मी मुलगा असलो तरी लिफाफा माझ्या हाती द्यायला त्यांनी नकार दिला, कारण पासपोर्ट ओळखपत्र पाहून अर्जदारालाच द्यायचा असतो, आणि त्यांचे ते म्हणणे योग्यच होते. दुसऱ्या दिवशी कापसाची वेचणी अर्ध्यावर सोडून आई माझ्यासोबत आली, तिने पदराला हात पुसले, आधार कार्ड दाखवले आणि एकेक अक्षर जुळवत सही केली. आणखी एक दिवस गेला असता तर तो लिफाफा नागपूरला परत निघाला असता.

आपल्या बाबतीत दोन महिने उलटले आहेत, म्हणून फोनवर विसंबू नका, नोंदीत शेवटी ज्या उपडाकघराचे नाव असेल तिथे स्वतः जा. फाइल क्रमांक, स्पीड पोस्ट क्रमांक आणि पूर्ण पत्ता लिहिलेला अर्ज दोन प्रतींत न्या आणि एका प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या. ही पोच पुढे पोलीस ठाण्यात आणि पासपोर्ट कार्यालयात, दोन्हीकडे कामी येते. गावच्या शाखा डाकघराला डाक पाठवताना उपडाकघरातून नोंदणीच्या वस्तूंची चिठ्ठी सोबत जाते, तिला ते लोक बी.ओ. स्लिप म्हणतात. आपला क्रमांक त्या चिठ्ठीत होता का, एवढे नम्रपणे विचारा. होता असेल तर शोध गावात करायचा आहे, नसेल तर उपडाकघरात किंवा त्याच्याही वर. नोंदीत ‘वितरित’ असे दिसत असेल तर सही कुणाची आहे ते दाखवण्याची मागणी करा. वेचणीच्या किंवा सोंगणीच्या दिवसांत घरे कुलूपबंद असतात आणि त्याच आडनावाच्या शेजाऱ्याने चांगल्या मनाने लिफाफा घेऊन पेटीत ठेवून दिल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत, म्हणून पोलिसांकडे जाण्याआधी भावकीत चौकशी करणे बरे.

तिथे उलगडा झाला नाही तर विभागाच्या डाकघर अधीक्षकांकडे लेखी तक्रार करा. तरीही उत्तर आले नाही तर माहिती अधिकार अधिनियम 2005 खाली दहा रुपये शुल्क भरून वितरणाच्या नोंदीची आणि सहीची प्रत मागता येते, तिचे उत्तर साधारणपणे 30 दिवसांत द्यावे लागते. डाक विभाग केंद्र सरकारचा असल्याने हा अर्ज केंद्राच्या ऑनलाइन पोर्टलवर घरबसल्या करता येतो.

लिफाफा परत गेल्याची नोंद असेल तर मात्र काळजीचे कारण फारसे नाही. नागपूरच्या कार्यालयातील चौकशीसाठी संकेतस्थळावरून वेळ घ्या आणि आधार कार्ड, पावती व पत्त्याचा पुरावा यांच्या मूळ प्रतींसह स्वतः जा. पत्ता चुकला असेल तर ते तिथे आधीच सांगा.

आता खरोखरच गहाळ झाला असेल तर काय. तेव्हाही अर्ज ‘नवीन’ या प्रकारात न करता ‘पुन्हा जारी करणे’ या प्रकारात, पासपोर्ट हरवल्याचे कारण देऊन करायचा असतो. त्यासाठी पोलिसांकडील नोंदीची मूळ प्रत आणि पासपोर्ट कसा हरवला याचे ठराविक नमुन्यातील घोषणापत्र लागते. इथे दोन अडचणी हमखास येतात. पहिली ठाण्यात: जी वस्तू तुमच्या ताब्यात आलीच नाही, ती हरवली कशी, असे ठाणेदार विचारतील, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून डाकघराकडून लिफाफा सापडत नसल्याचे लेखी पत्र आधी मिळवा आणि तक्रारीत ‘माझ्याकडून हरवला’ असे न लिहिता ‘डाकेने पाठवलेला पासपोर्ट मला मिळाला नाही’ असेच खरेखरे लिहा. दुसरी अडचण अशी की पासपोर्ट कधी पाहिलाच नसल्यामुळे त्याचा क्रमांक आपल्याला ठाऊक नसतो, आणि पोलीस नोंद व अर्ज दोन्हीत तो लागतो. नागपूरच्या कार्यालयात फाइल क्रमांकावरून तो विचारून घ्या.

पैशाचेही सांगतो. 36 पानांच्या साध्या पासपोर्टचे शुल्क 1500 रुपये आहे आणि हरवल्याच्या कारणाने पुन्हा काढताना तेच 3000 होते. तत्काळ हवा असेल तर त्यावर आणखी 2000 लागतात. शेतमजुराच्या घरासाठी ही रक्कम लहान नाही, म्हणून शुल्क भरण्यापूर्वी डाकघराचे पत्र जोडून पासपोर्ट अधिकाऱ्यांना लेखी विनंती करा की, लिफाफा आपल्या हाती पोहोचण्याआधीच गहाळ झाला असल्याने आपल्या प्रकरणाचा त्या दृष्टीने विचार व्हावा. ती विनंती तोंडी करू नका आणि तिचीही पोच घ्या.

हरवल्याची माहिती पासपोर्ट कार्यालयाला दिली की पहिला पासपोर्ट रद्द होतो. त्यानंतर सहा महिन्यांनी एखाद्या डाकपिशवीत किंवा शेजाऱ्याच्या पेटीत तो लिफाफा सापडला तरी त्यावर प्रवास करू नका, विमानतळावर अडवले जाल. तो पासपोर्ट कार्यालयात परत जमा करा आणि जमा केल्याची पावती नव्या पासपोर्टसोबत जपून ठेवा.