कर्ब वाढला की नुसता आकडा वाढला?

प्रश्न : जमीन आरोग्य पत्रिकेत आमच्या गटातल्या जमिनीचा सेंद्रिय कर्ब (कुजलेल्या पालापाचोळ्यातून मातीत आलेला कार्बन) ०.४७ टक्के होता. तीन वर्षांनी आलेल्या पत्रिकेत तो ०.६१ आहे. मधल्या काळात हिरवळीचं खत म्हणून एकदाच ताग गाडला. कर्ब खरंच वाढला का? (एक शेतकरी, लातूर जिल्हा)

उत्तर : एवढ्या दोन कागदांवरून सांगता येणार नाही. कोणी छातीठोकपणे ‘वाढला’ म्हणालं, तर त्याला आधी नमुना कुठला ते विचारा. १९ फेब्रुवारी २०१५ रोजी राजस्थानात सुरतगडला जमीन आरोग्य पत्रिकेची ही सरकारी योजना सुरू झाली. सुरुवातीच्या फेऱ्यांत नमुने शेतकऱ्यागणिक घेतले जात नव्हते; बागायतीत अडीच हेक्टरला एक आणि कोरडवाहूत दहा हेक्टरला एक, असा हिशेब होता. दहा हेक्टर म्हणजे पंचवीस एकर. त्यात चार-पाच खातेदार सहज येतात. तुमच्या नावाच्या पत्रिकेतली माती शेजारच्या मुरमाड वावरातलीही असू शकते. पत्रिकेवर अक्षांश-रेखांश असतील, तर ते मोबाइलच्या नकाशात टाकून बघा.

जागा तीच निघाली, तर मग प्रयोगशाळेकडे वळायचं. कर्ब बहुधा वॉकले-ब्लॅक या रासायनिक पद्धतीने काढतात. अर्धा ग्रॅम मातीत १० मिलि एक नॉर्मल (‘नॉर्मल’ म्हणजे द्रावणाच्या तीव्रतेचं माप) पोटॅशियम डायक्रोमेट, जे कर्ब जाळतं, आणि २० मिलि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घालायचं, अर्धा तास थांबायचं आणि उरलेलं डायक्रोमेट अर्ध्या नॉर्मल फेरस अमोनियम सल्फेटने मोजायचं. यात ब्युरेटवरचा (द्रावण मोजून सोडायच्या नळीवरचा) एक मिलि म्हणजे ०.३ टक्के कर्ब. म्हणजे तुमचा ०.१४ चा फरक अर्ध्या मिलिचाही नाही. फेरस द्रावण हवेने रोज थोडं उतरतं, म्हणजे कमजोर होतं, म्हणून मातीविना तीच चाचणी, म्हणजे ‘ब्लँक’, रोज घ्यावी लागते. द्रावण अडीच टक्क्यांनी उतरलेलं असताना २० मिलिचा जुनाच ब्लँक धरला, तर खरा ०.६१ कर्ब नेमका ०.४७ दिसतो.

आणखी एक मेख. या पद्धतीत साधारण ७७ टक्केच कर्ब जळतो असं धरून काही ठिकाणी उत्तराला १.३ ने गुणतात, काही ठिकाणी गुणत नाहीत. ०.४७ ला १.३ ने गुणून बघा!

पुढच्या वेळेसाठी असं करा. पीक निघाल्यावर, शेणखत टाकायच्या आधी, दरवेळी त्याच महिन्यात नमुना घ्या. बांध, मोठं झाड आणि उकिरड्याची जागा सोडून आठ-दहा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखे १५ ते २० सेंमी खोल खड्डे करा आणि कडेची बोटभर जाडीची माती वरपासून खालपर्यंत सारखी तासून घ्या. एकत्र करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन टाकून द्या. अर्धा किलो उरेपर्यंत हेच करा. माती सावलीत वाळवा. निम्मी तपासायला द्या आणि निम्मी तारीख लिहून स्वच्छ बरणीत ठेवा. तीन वर्षांनी जुनी आणि नवी माती एकाच दिवशी, एकाच प्रयोगशाळेत तपासून घ्या. फरक दाखवण्याचा याहून स्वस्त उपाय नाही.

प्रश्न : एका गावचे सगळे नमुने चुनखडीयुक्त काळ्या मातीचे (अशा मातीत जस्त सहसा कमी मिळतं), तरी जस्त ३ ते ४ पीपीएम (दहा लाख भागांत ३ ते ४ भाग) येतं. उपकरण बिघडलंय का? (माती परीक्षण केंद्रातील सहायक)

उत्तर : उपकरणाआधी घमेलं बघा. जस्ताचा मुलामा दिलेल्या घमेल्यात माती कालवली किंवा पितळी चाळणीतून चाळली, की जस्त तिथूनच येतं. पितळेमुळे तांबंही वाढतं. कमतरतेची मर्यादा ०.६ पीपीएम असल्याने चिमूटभर भेसळही निकाल फिरवते. प्लास्टिकचं घमेलं आणि नायलॉनची चाळणी वापरा. रबरी बूचही टाळा. आम्लाने धुतलेली स्वच्छ वाळू त्याच घमेल्यातून, चाळणीतून नेऊन तपासा. तिच्यात जस्त आलं तर चोर सापडला. मग मातीतलं जस्त ओढून काढणारं डीटीपीएचं द्रावण बघा: सामू (पीएच) ७.३, १० ग्रॅम मातीला २० मिलि, हलवणं बरोबर दोन तास. प्रयोगशाळेतली मुलं जेवायला गेली आणि हलवायचं यंत्र तीन तास चालू राहिलं, तरी आकडा चढतो.

प्रश्न : मृदाशास्त्रात एम.एस्सी. करते आहे. देशपातळीवरच्या माती-निरीक्षणात काम करायचंय. काय शिकू? (विद्यार्थिनी, अकोला)

उत्तर : नागपूरचा राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो तुम्हाला जवळ आहे. भोपाळला भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे, आणि राज्यात जिल्हानिहाय मृद चाचणी कार्यालयं आहेत. रसायनं येतात म्हणून निर्धास्त राहू नका. दीड मीटर खड्ड्यात उतरून थर ओळखणं, मुन्सेल तक्त्यावर (मातीच्या रंगांच्या प्रमाण तक्त्यावर) रंग लावणं आणि संख्याशास्त्र, यांत बहुतेक विद्यार्थी कच्चे असतात. स्थूल घनता (ठरावीक आकारमानातल्या कोरड्या मातीचं वजन) मोजायला तर नक्की शिका. प्रयोगशाळा पीपीएमला २.२४ ने गुणून हेक्टरी किलो काढते, म्हणजे १५ सेंमी थराची घनता सगळीकडे घनसेंमीला सुमारे १.५ ग्रॅम धरते. काळी जमीन ओलाव्याने फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तिची घनता ओलाव्याप्रमाणे बदलते. म्हणून नळीने नमुना घेताना त्याच वेळचा ओलावाही नोंदवायचा. नाहीतर दोन वर्षांच्या कर्बसाठ्याची तुलना करता येत नाही.