आटे गेल्यावर आलेली पत्रं

मागच्या महिन्यात आपण या पानावर घरच्या घरी इंजिन ऑइल कसं बदलायचं ते सांगितलं होतं. त्यानंतर पत्रांचा पाऊस पडला म्हणणार नाही, पण शिंतोडे बऱ्यापैकी उडाले. काहींनी बदललं, छान झालं, पैसे वाचले असं कळवलंय, त्यांचं अभिनंदन, त्यांना उत्तराची गरज नाही. बाकीच्यांची पत्रं खाली.

"ऑइल काढायचा बोल्ट नीट बसावा म्हणून पान्याला पाईप घालून आवळला. आता थेंब थेंब गळतंय आणि अजून आवळायला गेलं तर बोल्ट नुसता गोल फिरतोय. टेफ्लॉन टेप गुंडाळून बसवला तर चालेल का?" – एक वाचक, कोल्हापूर

नाही हो. ती टेप बाथरूमच्या नळाला ठेवा. बोल्ट नुसता फिरतोय म्हणजे आटे गेले, आणि बहुतेक बोल्टचे नाही तर चेंबरचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचे गेलेत, कारण बऱ्याच गाड्यांचं चेंबर ॲल्युमिनियमचं आणि बोल्ट पोलादी, मग या कुस्तीत कोण चीतपट होणार ते वेगळं सांगायला नको.

थोडा हिशोब बघा. छोट्या गाड्यांच्या या बोल्टला साधारण ३० ते ४० न्यूटन-मीटर (पाना फिरवायच्या जोराचं माप) एवढाच जोर लागतो (तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरा). २५ सेंटीमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला १४ किलोचं वजन टांगलं की झाले ३४-३५. बास, एवढंच, म्हणजे बसल्या जागेवरून एका हाताने बेताचा जोर. आता पाईप घालून पाना अर्धा मीटर केला आणि ७० किलोचा माणूस त्यावर रेलला तर जोर होतो ३४० च्या पुढे. दहापट! मी हे तुम्हाला शहाणपणा म्हणून सांगत नाहीये, माझ्या पहिल्या गाडीला मी पाईपसुद्धा नाही, जॅकची टॉमी, म्हणजे लांब दांडा, लावली होती आणि वर शेजाऱ्याला हाक मारून दाखवलं होतं, बघा कसा टाइट झालाय.

आता उपाय. गाडी चालवू नका, बोल्ट रस्त्यात निसटला तर मिनिटाभरात ऑइल रस्त्यावर आणि मागोमाग इंजिन गॅरेजमध्ये. चांगल्या मशीन शॉपमध्ये हेलिकॉइल बसवून मिळते, म्हणजे भोक मोठं करून त्यात पोलादी तारेचे नवे आटे बसवतात आणि तुमचा जुनाच बोल्ट परत चालतो. ते जमण्यासारखं नसेल तर चेंबर बदला. एम-सील वगैरे लावून वेळ मारून नेऊ नका. आणि बोल्टखालचा वायसर दर वेळी नवा टाका, तो एकदाच दबायला केलेला असतो, खरं तर गळती थांबवायचं काम त्याचं, तुमच्या दंडाचं नाही.

जाता जाता ऑइल फिल्टरचंही सांगतो कारण मागच्या वेळी लिहायचं राहिलं. जुना फिल्टर काढला की त्याची रबरी रिंग सोबत आली का ते बोट फिरवून बघा, कधीकधी ती इंजिनलाच चिकटून राहते आणि आपण तिच्यावर नवा फिल्टर चढवतो, दोन रिंगा एकावर एक बसल्या की गाडी चालू केल्याबरोबर ऑइलची पिचकारी.

"रात्री दिसायला कमी येतं म्हणून हेडलाइटला ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० वॅटचे बल्ब टाकले. फ्यूज उडायला लागला म्हणून १५ अँपिअरचा काढून ३० चा बसवला. आता फ्यूज उडत नाही, पण लाइट लावली की काहीतरी जळल्याचा वास येतो." – एक वाचक, चिपळूण

हे वाचून आधी लाइटच बंद करावीशी वाटली. दादा, फ्यूज तुम्हाला ओरडून सांगत होता आणि तुम्ही त्याचं तोंड बंद केलंत, आता त्याच्या जागी वायर बोलतेय.

६० चे दोन बल्ब म्हणजे १२० वॅट, १२ व्होल्टवर १० अँपिअर. १०० चे दोन म्हणजे २०० वॅट, जवळपास १७ अँपिअर. कंपनीने आतली वायर, प्लास्टिकचा होल्डर, स्टिअरिंगजवळचा लाइटचा दांडा हे सगळं पहिल्या आकड्यासाठी बनवलेलं असतं. निळा फ्यूज १५ चा, हिरवा ३० चा, पेटीत दोन्ही सारखेच बसतात, रंग सोडला तर दिसायलाही भावंडंच, त्यामुळे बदलताना काही मोठं केल्यासारखं वाटतच नाही. पण फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर तापायच्या आत त्याने मरायचं असतं. तुमच्या गाडीत आता आधी वायर मरणार. आजच निळा फ्यूज आणि जुने बल्ब परत बसवा आणि होल्डर काढून बघा, तपकिरी किंवा वितळल्यासारखा दिसला तर तोही बदला, शक्यतो सिरॅमिकचा घ्या.

आता मूळ दुखणं, उजेड कमी का. माझ्या अनुभवात दहातल्या सात गाड्यांना मोठा बल्ब लागतच नाही, असलेल्या बल्बला पोटभर वीज मिळत नसते. हॅलोजन बल्बचं विचित्र असतं, व्होल्टेज १० टक्के कमी झालं तर उजेड १० टक्के नाही, जवळजवळ ३० टक्के पडतो. घरी मल्टिमीटर असेल (नसेल तर साधा घ्या, पान्यांच्या सेटपेक्षा जास्त उपयोगी पडेल) तर इंजिन चालू ठेवून लाइट लावा, आधी बॅटरीवर मोजा, मग कनेक्टरच्या मागून सुई घालून बल्बच्या पिनांवर मोजा. बॅटरीवर साडेतेरा आणि बल्बवर बारा दिसले तर तुमचा तीस टक्के उजेड मध्येच कुठेतरी वायरीत मुरला.

कोकणातल्या गाड्यांना हा "कुठेतरी" बहुतेक वेळा एकाच जागी सापडतो, हेडलाइटची अर्थिंगची वायर जिथे बॉडीला बोल्टने जोडलेली असते तिथे. खारी हवा आणि चार महिने पाऊस, मग त्या चकतीखाली गंज किंवा हिरवट बुरशीसारखं चढतं. बोल्ट काढा, पत्रा आणि चकती दोन्ही पॉलिशपेपरने चकचकीत घासा, परत आवळा, वरून पेट्रोलियम जेली फासा. खर्च जवळपास शून्य. माझ्या मेहुण्याची गाडी अशी केली तर त्याला वाटलं मी गुपचूप बल्ब बदलले. काच पिवळी पडली असेल तर ती पॉलिश करून घ्या.

एवढं करूनही कमी वाटलं तर रिलेचं हार्नेस बसवा, म्हणजे थोड्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच आणि त्याच्या वायरी. बॅटरीवरून सरळ जाडी वायर बल्बला, मध्ये रिले, बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. दांड्यातून मग फक्त रिलेला इशारा करण्यापुरता करंट जातो आणि बल्ब ६०/५५ चाच ठेवायचा. आणि हॅलोजनच्या घरात एलईडी किंवा एचआयडी (गॅसचे झगझगीत बल्ब) खुपसू नका प्लीज, आतला आरसा फिलामेंट एका ठराविक मिलिमीटरवर असेल असं धरून कोरलेला असतो, प्रकाशाची जागा हलली की रस्त्यावर कमी आणि समोरच्याच्या डोळ्यांत जास्त.

"ब्रेक ऑइलच्या डबीत चुकून स्टिअरिंगचं ऑइल टाकलं. थोडंच, झाकणभर. सिरिंजने वरचं काढून टाकलं आणि गाडी नीट थांबतेय. काळजीचं काही?" – एक वाचक, नाशिक

हो, काळजीचंच. आज थांबतेय म्हणून फसू नका. ब्रेक ऑइल नावाला ऑइल आहे, बहुतेक गाड्यांतलं डॉट ३ किंवा डॉट ४ ग्लायकॉल जातीचं असतं आणि ब्रेकमधली रबरं त्याच्यासाठी बनवलेली असतात. त्यांना पेट्रोलियमचं ऑइल लागलं की ती फुगतात, मऊ होतात आणि मग ब्रेक धरून राहतो किंवा पेडल खाली जातं, आणि हे लगेच होत नाही, काही दिवसांनी होतं, तेव्हा तुम्ही कदाचित कसाऱ्याचा घाट उतरत असाल.

खात्री करायची असेल तर डबीतलं थोडं काढून ग्लासभर पाण्यात टाका. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, दुसरं वर तरंगतं. तवंग दिसला तर गाडी ढकलत किंवा टोचन करून न्या. पेडल एकदाही दाबलं असेल तर ते ऑइल डबीखालच्या मास्टर सिलेंडरमध्ये (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा पंप) उतरलं असं धरून चाला, रबराचे सगळे भाग बदलायचे, लाइन धुवायची, नवं ऑइल, मग हवा काढायची. तुमच्या गाडीचा क्लच हायड्रॉलिक असेल आणि डबी एकच असेल तर तोही त्यात आला. हे काम घरी करू नका.

"उन्हाळ्यात गाडी गरम होते. ओळखीच्या मेकॅनिकने सांगितलं थर्मोस्टॅट काढून फेक, आपल्याकडे लागत नाही. यूट्यूब बघून मी स्वतःच काढला. गरम होणं थोडं कमी झालं पण ॲव्हरेज पडलं." – एक वाचक, अकोला

हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय, आजीच्या बटव्यासारखा. थर्मोस्टॅट इंजिन थंड असताना पाणी रेडिएटरला जाऊ देत नाही, साधारण ८२ ते ८८ डिग्रीला उघडतो. तो काढला की इंजिन वेळेवर तापत नाही, गाडीतल्या कॉम्प्युटरला वाटतं अजून थंडच आहे, तो पेट्रोल जास्त सोडत राहतो. ॲव्हरेज इथे गेलं. नवा बसवा. जुना खराब होता का ते बघायचं तर पातेल्यात पाणी उकळत ठेवून त्यात दोऱ्याने सोडा, उघडला तर बिचारा निर्दोष होता. (पातेलं स्वयंपाकघरातलं घेऊ नका, घरातली शांतता जास्त महाग.)

अकोल्याच्या मे महिन्यात गाडी खरंच तापत असेल तर आधी स्वस्त गोष्टी बघा. रेडिएटरचं झाकण साधं झाकण नसतं, ते आत प्रेशर धरतं, ०.९ बारच्या झाकणाखाली साधं पाणीसुद्धा १२० डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. त्याचं रबर गेलं की १०० लाच उकळी. मग पंखा वेळेवर लागतो का ते, मग रेडिएटरच्या जाळीतला कचरा. आणि बोअरचं पाणी घालत असाल तर आजपासून बंद, क्षार आत धरतात, डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंटच. झाकण मात्र इंजिन पूर्ण गार झाल्याशिवाय उघडायचं नाही.

"माझे मिस्टर दर रविवारी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी जॅकवर चढवून खाली शिरतात. मला भीती वाटते, ते हसतात." – एक वाचक, डोंबिवली

ताई, तुम्ही बरोबर आहात, त्यांना हे पान वाचायला द्या. साहेब, गाडीबरोबर मिळालेला कात्रीसारखा जॅक स्टेपनी बदलण्यापुरता असतो. चाक बदलताना माणूस बाहेर असतो. तुम्ही त्याच्या खाली असता. पाच मिनिटांचंच काम आहे असं मीही म्हणायचो, एकदा पावसाळ्यात जॅकखालची फरशी ओली होती, जॅक सरकला आणि गाडी डिस्कवर टेकली, मी नुकताच पाना आणायला उठलो होतो. माझी चप्पल मात्र खाली राहिली होती.

लोखंडी स्टँडची जोडी घ्या, सपाट पक्क्या जमिनीवर लावा, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच टेकवा, दुसऱ्या बाजूच्या चाकांना पुढून-मागून दगड लावा. वर काढलेलं चाक गाडीच्या दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, उद्या सगळं चुकलं तरी तेवढी फट राहते. विटांवर गाडी ठेवू नका, वीट आधी तडकून दाखवत नाही, सरळ फुटते. आणि ताईंना हाकेच्या अंतरावर बसवा.

"पुढे लोखंडी गार्ड लावलाय आणि सायलेन्सर बदललाय. पकडतात का?" – एक वाचक, पुणे

पकडू शकतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, मूळ रचना बदलायची नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर दर बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. गार्डविरुद्ध कारवाई करा असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलंय. दंडाचं सोडा, तो गार्ड चालणाऱ्या माणसाला जास्त मारतो, आणि धक्का परस्पर चासीकडे गेला की एअरबॅगच्या सेन्सरचं गणित बिघडू शकतं. काढा.

"पुढच्या दाराचं पॅड काढून स्पीकर बसवले. सगळं परत लावल्यावर दोन स्क्रू उरले. दार लागतं, काच वर-खाली होते. चालेल का?" – एक वाचक, फोंडा

तुमच्याकडे फक्त दोन उरले! दारापुरतं बोलायचं तर घाबरण्यासारखं नाही, पण ते दोन बहुतेक हँडलच्या वाटीत छोट्या प्लास्टिकच्या झाकणाखाली जातात, तिथे चाकूच्या टोकाने उचकटून बघा. त्या हँडलला धरूनच आपण दार ओढतो, एक दिवस ते हातात येईल. आणि पॅडमागे जो प्लास्टिकचा कागद चिकटवलेला होता तो परत नीट लावलात ना? फाडून टाकला असेल तर जूनच्या आत जाड प्लास्टिक आणून ब्युटिलच्या चिकट पट्टीने लावा, नाहीतर पावसाचं पाणी काचेवरून आत उतरून तुमच्या नव्या स्पीकरवर आणि पायाखालच्या कार्पेटमध्ये जाईल. पुढच्या वेळी अंड्यांचा ट्रे घ्या, एकेका खड्ड्यात एकेका जागेचे स्क्रू, आणि काढायच्या आधी मोबाइलवर फोटो. स्पीकर कसे वाजतात ते मात्र कळवा.