सहाच पोरं आली म्हणून

कोचबाई,

रविवारचा तुझा मेसेज वाचला. रग्बीच्या सरावाला एकवीस जणांच्या ग्रुपमधून सहाच आले आणि तू त्यांना घरी पाठवलंस. पोरं कमी आली याचं मला नवल नाही. श्रावण चालू आहे, दहीहंडी तोंडावर आलीय, निम्मी घणसोली थर लावायच्या सरावात असणार. पण आलेल्या सहांना परत पाठवलंस, ते चुकलं. साडेसहाला चहासुद्धा न घेता मैदानावर आलेला पोरगा पुढच्या रविवारी अंथरुणात पडल्या पडल्या विचार करतो, आज तरी होणार का सराव? आणि कूस बदलतो.

सहा म्हणजे तीन विरुद्ध दोन, आणि सहाव्याच्या हातात शिट्टी. समोरच्याला आपल्याकडे खेचून घ्यायचं आणि मगच बाजूला पास द्यायचा, हे सहा जणांत जेवढं घोटून होतं तेवढं वीस जणांत होत नाही. वीस जणांत बॉल हाताला लागायलाच दहा मिनिटं जातात.

आता माझं पाप सांगतो. ठाण्यात मी टीम चालवायचो तेव्हा एक सेव्हन्स, म्हणजे सात-सात जणांच्या रग्बीची, स्पर्धा जिंकायचं डोक्यात घेतलं होतं. सोळा पोरं होती; खेळवायचो तेच सात, बाकी नऊ रेषेबाहेर पाण्याच्या बाटल्या सांभाळत. उपांत्य फेरीत हरलो. पुढच्या पावसाळ्यात त्या नऊमधले दोनच परत आले. न आलेल्यांत एक जाडजूड पोरगा होता. त्याला मी अख्खा सीझन 'ए पिवळा' म्हणून हाक मारली, कारण तो पिवळा टी-शर्ट घालायचा. दोन वर्षांनी तो मला नौपाड्यात हंडीखाली दिसला. तळाच्या थराला, घामाने निथळत, मानेवर दुसऱ्याचा पाय. उतरल्यावर मी विचारलं, इथे बरा टिकलास? म्हणाला, "सर, इथं मी नाही आलो तर थर लागत नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही. अरे, हे तर आपल्याच खेळात आहे! पंधराच्या रग्बीत पाठीवरचा आकडा म्हणजे त्या माणसाची जागा असते. एक आणि तीन नंबरचे प्रॉप, म्हणजे पुढच्या रांगेतले टेकू; दोन्ही टीम वाकून एकमेकींना रेटतात त्या स्क्रमचा भार त्यांच्यावर. अशा अंगाच्या पोराला क्रिकेटमध्ये कोण विचारतं? आणि तोच मी बाटल्यांजवळ बसवला होता. म्हणून तुझ्या वहीत हजेरीच्या शेजारी प्रत्येकाचं काम लिही: लाइनआउटला, म्हणजे बाहेर गेलेला बॉल आत फेकताना, उंच उडणारा कोण, किक कोण मारतं, खाली पडलेल्या बॉलवर पहिला कोण पोहोचतो. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो पुढच्या महिन्यात येणार नाही, हे धरून चाल.

पंधराची टीम उभी करायचा हट्ट मात्र सध्या सोड. भाड्याने आणल्यासारखे मित्रांचे मित्र आणून मॅच खेळली की दुखापत होते आणि आपली खरी पोरं बिथरतात. सेव्हन्सला सात जण लागतात, हाफ सात मिनिटांचा, आणि २०१६ पासून ते ऑलिंपिकमध्येही आहे. २०२५ मध्ये अंधेरीला रग्बी प्रीमियर लीग झाली, तीही सेव्हन्सचीच. ते व्हिडिओ बघूनच तर निम्मी पोरं तुझ्याकडे आली.

टॅकलबद्दल, म्हणजे बॉलवाल्याला धरून पाडण्याबद्दल, नीट ऐक, सगळ्यात जास्त पोरं इथेच गळतात. तुझी बरीचशी कबड्डीतून आलेली. हात घोट्याकडे जातो, डोकं मात्र समोरच्याच्या गुडघ्यापुढे येतं. ते आधी मोड. पहिले दोन आठवडे दोघांनीही गुडघ्यांवर बसूनच टॅकल करायचा: गाल त्याच्या मांडीच्या मागच्या बाजूला, दोन्ही हातांचा विळखा, खांदा लावायचा. मग एक जण उभा, मग चालत, आणि धावत अगदी शेवटी. आणि पकडून बसायचं नाही. पाडलं की सोडायचं, बाजूला व्हायचं. कबड्डीवाल्यांना हे सोडणंच जड जातं. दिवाळीनंतर जमीन वाळून वर खडी आली की टॅकल बंद, नुसतं टच; पाडायचं नाही, फक्त हात लावायचा. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात ते काय उगाच?

डोक्याला मार बसल्याची नुसती शंका आली तरी पोरगं बाहेर, त्या दिवशी परत आत नाही, मग फायनल का असेना. आणि त्याच संध्याकाळी घरी फोन तू स्वतः करायचास. आईला मुलाच्या तोंडून कळलं की खेळ संपला म्हणून समज.

मुलींचं तुला मी काय शिकवणार! एवढंच: कपडे बदलायची जागा आणि अंधारायच्या आत सुट्टी, या दोन गोष्टींवर अडून बस.

दहावीवाल्यांना 'खेळ की अभ्यास' असं कधी विचारू नकोस, उत्तर आपल्या विरुद्धच येतं. रविवारी तासभर येऊ दे, लाइनवर झेंडा धरू दे. शेवटच्या पेपरच्या संध्याकाळी मात्र फोन कर. क्रीडागुण आणि सरकारी नोकरीचं आमिष दाखवू नकोस. त्याचे नियम आहेत, अटी आहेत, आणि शब्द खोटा पडला तर आईबाप धाकट्यालाही पाठवत नाहीत.

येत्या रविवारी मी ठाण्याहून पहाटेची वाशी लोकल धरतो. बॉलमध्ये हवा भरून ठेव. सराव झाला की त्या न आलेल्या पंधरा जणांपैकी जो तुझा फोनच उचलत नाही, त्याच्या घरी आपण दोघं जाऊ. पत्ता काढून ठेव.

— सर