ट्रेलरची एक्स्टेंडेड वॉरंटी ठेवू की काढू?

ह्युस्टनजवळच्या केटीहून एका दादांनी लिहिलंय, थोडक्यात असं: "ताई, बारा दिवसांपूर्वी नवा २६ फुटी ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं फिरतं घर, घेतला, १५ वर्षांच्या लोनवर, व्याज ८.९९ टक्के. सगळं ठरल्यावर फायनान्सवाल्याच्या खोलीत नेलं आणि तिथे ४,२०० डॉलरची सात वर्षांची एक्स्टेंडेड वॉरंटी लोनमध्येच घातली. सगळं कव्हर आहे म्हणाला, हप्ता चाळीसेक डॉलरनीच वाढेल म्हणाला. बायको म्हणते कॅन्सल करा. उन्हाळ्यात आईबाबा येतायत, त्यांना घेऊन दोन महिने फिरायचंय, एरवी ट्रेलर ॲपवरून भाड्याने द्यायचा विचार आहे. शिवाय डीलर म्हणाला सर्व्हिसिंग आमच्याकडेच करा, बाहेर केलंत तर कंपनीची वॉरंटी जाईल. ठेवू की काढू?"

दादा, वहिनींचं ऐका. पण कॅन्सलचं पत्र पाठवायच्या आधी एक कागद बघायचाय, त्यामुळे आत्ताच्या आत्ता ईमेल करायला धावू नका, पूर्ण वाचा.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही घेतलंय ती वॉरंटी नाहीच. वॉरंटी म्हणजे वस्तूच्या किमतीतच येते ती, ट्रेलर बनवणाऱ्या कंपनीने दिलेली, बहुतेक एक वर्षाची. वेगळे पैसे मोजून घेतलेल्या कागदाला कायदा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट म्हणतो, आणि हा फरक नुसता शब्दांचा नाहीये, कारण त्यामुळेच तुमच्या बाजूने दोन-तीन नियम लागू होतात. टेक्ससमध्ये असली कॉन्ट्रॅक्टं विकणाऱ्या कंपन्यांना लायसन्सिंग अँड रेग्युलेशन खात्याकडे, आपण त्याला टीडीएलआर म्हणतो, नोंदणी करावी लागते. आणि कॅन्सल करायचा नियम इथे सरळ आहे. घेतल्यापासून ३१ वा दिवस उजाडायच्या आत कॅन्सल केलंत तर पूर्ण पैसे परत, मधे काही क्लेम घेतला असेल तर तेवढे वजा, आणि कॅन्सलेशन फी शून्य. त्यानंतरही कॅन्सल करता येतं, फक्त मग उरलेल्या मुदतीच्या हिशोबाने पैसे मिळतात आणि ५० डॉलरपर्यंत फी कापू शकतात. म्हणजे तुमच्या हातात अजून अठराएक दिवस आहेत, घाबरायचं काही कारण नाही.

इथे एक गैरसमज काढून टाकते कारण दर महिन्याला कुणीतरी विचारतंच. तीन दिवसांत काहीही परत करता येतं असं जे लोक सांगतात ते डीलरच्या जागेवर जाऊन घेतलेल्या गाडीला किंवा ट्रेलरला लागू नाही. फेडरल सरकारचा तो तीन दिवसांचा नियम मुख्यतः घरी येऊन माल विकणाऱ्यांसाठी आहे. ट्रेलर तुमचाच झालाय आता. परत करता येतंय ते फक्त हे कॉन्ट्रॅक्ट.

आता त्या चाळीस डॉलरचं बघू. ४,२०० डॉलर ८.९९ टक्क्यांनी १५ वर्षं म्हणजे महिन्याला साडेबेचाळीस डॉलर, एकूण साधारण ७,६६० डॉलर. कॉन्ट्रॅक्ट सात वर्षांनी संपणार आणि त्याचा हप्ता पुढची आठ वर्षं तुम्ही भरणार. फायनान्सवाला नेहमी महिन्याचा आकडा सांगतो, पूर्ण आकडा सांगत नाही, त्याचं कमिशन तिथेच असतं, त्यात त्याची चूक नाही, तो त्याचं काम करतोय. शिवाय सात वर्षं कधीपासून मोजलीत तेही बघा. बहुतेक कॉन्ट्रॅक्टांत ती खरेदीच्या तारखेपासून असतात, म्हणजे पहिलं वर्ष कंपनीची वॉरंटी चालू असतानाच संपणार, हातात उरली सहा.

पण माझा खरा मुद्दा पैशाचा नाही, पाण्याचा आहे.

ट्रेलर म्हणजे काय तर लाकडी नाहीतर ॲल्युमिनियमचा सांगाडा, वर रबरी पडद्याचं छत, त्या छताला व्हेंटसाठी, एसीसाठी, अँटेनासाठी पाडलेली भोकं, आणि प्रत्येक भोकाभोवती सीलंट. हे सगळं ताशी ६५ मैलांनी हायवेवरून हादरत जातं आणि मग टेक्ससच्या उन्हात तापत उभं राहतं. सीलंटला बारीक चीर पडते, पाणी आत शिरतं, आणि ते महिनोन् महिने दिसतच नाही. दिसतं तेव्हा आतलं प्लायवूड कुजलेलं असतं किंवा बाहेरचा फायबरग्लास फुगलेला असतो. ट्रेलरची सगळ्यात महागडी दुखणी ही अशी, फ्रिज बंद पडणं वगैरे त्यापुढे किरकोळ. आणि नेमकी हीच दुखणी असल्या कॉन्ट्रॅक्टांत बहुतेक वेळा वगळलेली असतात. पाणी शिरणं, ओल, बुरशी, कुजणं, सील आणि गॅस्केट, भिंतींचे पत्रे, छताचा पडदा, टायर, गोठून फुटलेले पाइप. फेब्रुवारी २०२१ ची थंडी आठवते ना, ज्यांचे ट्रेलर विंटराइज केलेले, म्हणजे पाइपांतलं पाणी काढून थंडीसाठी तयार केलेले, नव्हते त्यांचे पाइप फुटले, तसलं नुकसान या कॉन्ट्रॅक्टात येत नाही. गारांचंही नाही, ते इन्शुरन्सचं काम, म्हणून ट्रेलरचा कॉम्प्रिहेन्सिव्ह इन्शुरन्स मात्र सोडू नका.

हे मी नुसतं पुस्तकातून सांगत नाहीये, आमच्याकडेही एक जुना ट्रेलर होता आणि मी स्वतः वकील असून ते कॉन्ट्रॅक्ट न वाचता घेतलं होतं, नवऱ्याला अजून ते आठवलं की हसू येतं. स्लाइड-आउटच्या, म्हणजे मोटरने बाहेर सरकणाऱ्या खोलीच्या भागाच्या, कोपऱ्यातून पाणी आलं, खालची फरशी मऊ पडली, क्लेम केला तर त्यांचा इन्स्पेक्टर आला, फोटो काढले, आणि दहा दिवसांनी उत्तर आलं की मोटर चालतेय, म्हणजे मेकॅनिकल बिघाड नाही, फरशी पाण्याने खराब झालीय, ती वगळलेली. वर देखभालीचे पुरावे मागितले. बऱ्याच ट्रेलरच्या मॅन्युअलमध्ये दर ९० दिवसांनी छत आणि सील तपासा असं लिहिलेलं असतं, आम्ही तपासायचो पण कागदावर काय होतं? काही नाही. वाद घालता आला असता पण कॉन्ट्रॅक्टमध्ये आर्बिट्रेशनचं, म्हणजे कोर्टाऐवजी खाजगी लवादाकडे जायचं, कलम होतं, रक्कम छोटी होती, सोडून दिलं.

म्हणून तुमचं कॉन्ट्रॅक्ट उघडा आणि काय कव्हर आहे ते पान आधी वाचूच नका, काय कव्हर नाही ते पान वाचा. कॉन्ट्रॅक्टं साधारण दोन जातीची असतात. एकात कव्हर असलेल्या भागांची यादी असते, यादीत नाही ते नाही. दुसऱ्यात वगळलेल्यांची यादी असते, बाकी सगळं आत. दुसरी जात बरी, पण तिथेही ती वगळलेल्यांची यादी दीड-दोन पानं असू शकते. त्या खोलीतलं "सगळं कव्हर आहे" हे बोलाचीच कढी बोलाचाच भात, कारण तोंडी सांगितलेलं काही धरलं जाणार नाही असं खाली छापलेलं असतं. तोंडी खोटं सांगून विकलं तर टेक्ससच्या फसव्या व्यापाराच्या कायद्याखाली, म्हणजे डीटीपीएखाली भांडता येतं, पण ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं. १८ दिवसांत फुकट बाहेर पडता येत असताना ते कशाला अंगावर घ्या.

आता भाड्याचं. इथे तुमचा मामला जवळजवळ संपतोच. असल्या कॉन्ट्रॅक्टांत व्यावसायिक वापर किंवा भाड्याने देणं हे कलम बहुतेक असतंच, आणि ते मोडलं तर नुसता त्या वेळचा क्लेम नाही, पूर्ण कव्हरेज जाऊ शकतं. कंपनीच्या एक वर्षाच्या वॉरंटीतही बरेचदा तेच लिहिलेलं असतं, तेव्हा पहिल्या वर्षात ॲपवर टाकायच्या आधी तो कागदही वाचा. ॲपवर तुमच्या ट्रेलरचे फोटो तारखेसकट पडलेले असणार, क्लेमच्या वेळी समोरच्याला शोधायला दोन मिनिटं लागणार नाहीत. आईबाबांबरोबरचे दोन महिने त्यामानाने ठीक आहेत, कायम राहण्यासाठी वापरू नका असं कलम असतं पण दोन महिन्यांची ट्रिप म्हणजे कायम राहणं नव्हे. तरी तुमच्या कागदात दिवसांचा आकडा दिलाय का बघून घ्या.

सर्व्हिसिंगबद्दल डीलर जे बोलला ते चूक आहे. १९७५ चा मॅग्नुसन-मॉस वॉरंटी कायदा म्हणून एक फेडरल कायदा आहे, त्यात स्पष्ट आहे की वॉरंटी टिकवायची तर अमक्याचाच पार्ट घ्या किंवा अमक्याकडेच सर्व्हिस करा अशी अट कंपनीला घालता येत नाही, ते फुकट करून देणार असतील किंवा सरकारकडून खास सूट घेतली असेल तर गोष्ट वेगळी. बेअरिंगचं ग्रीस, छताचं डायकॉर, म्हणजे सीलंट, हे तुम्ही घरी केलंत तरी चालतं. फक्त पावत्या ठेवा, तारखेसकट फोटो ठेवा. हां, वॉरंटीतली दुरुस्ती कंपनीच्या खर्चाने करून घ्यायची असेल तर ते सांगतील त्या डीलरकडे जावं लागतं, तो भाग वेगळा.

कॅन्सल केलं म्हणजे तुम्ही उघड्यावर पडलात असंही नाही. ट्रेलरवाली कंपनी एक वर्ष बांधलेली आहे. फ्रिज, एसी, फर्नेस, ॲक्सल हे वेगवेगळ्या कंपन्यांचे असतात आणि त्यांची आपापली वॉरंटी असते, त्यांची कार्डं त्या जाड पिशवीत असतील, बाहेर काढून रजिस्टर करा. आणि टेक्ससचा लेमन लॉ, म्हणजे दुरुस्त करूनही न सुधारणाऱ्या सदोष नव्या गाडीबद्दल दाद मागायचा कायदा, ओढून न्यायच्या ट्रेलरलाही लागू होतो, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, सगळ्या राज्यांत तसं नाहीये. तक्रार टेक्ससच्या डीएमव्हीकडे, म्हणजे मोटार वाहन खात्याकडे, करायची, फी ३५ डॉलर. मोठा दोष असेल, कंपनीला लेखी कळवून संधी दिली असेल आणि तरी तो गेला नसेल, तर पहिल्या २४ महिन्यांत दुरुस्तीपायी एकूण ३० दिवस ट्रेलर अडकून पडणं हासुद्धा त्यातला एक निकष आहे. ट्रेलर डीलरच्या अंगणात पार्टची वाट बघत आठवडेच्या आठवडे उभे असतात, तेव्हा ३० दिवस भरायला वेळ लागत नाही. पण प्रत्येक वेळी आत दिल्याची आणि बाहेर आल्याची तारीख असलेला दुरुस्तीचा कागद मागून घ्या, तो नसेल तर ते दिवस मोजलेच जाणार नाहीत. आणि मुदत पाळा, वॉरंटी संपल्यापासून सहा महिने किंवा २४ महिने झाल्यापासून सहा महिने, यातलं जे आधी येईल ते.

आता तो कागद. कॉन्ट्रॅक्टच्या पहिल्या पानावर बघा की जबाबदारी घेणारी पार्टी कोण आहे. डीलर नुसता दलाल आहे आणि जबाबदार कंपनी तिसरीच आहे, असं बहुतेक वेळा असतं. पण तिथे डीलरचंच नाव असेल तर थांबा आणि मला ते पान पाठवा. कारण त्याच मॅग्नुसन-मॉस कायद्यात असं आहे की विक्रीच्या वेळी किंवा ९० दिवसांच्या आत विकणाऱ्याने स्वतः सर्व्हिस कॉन्ट्रॅक्ट केलं, तर माल वापरण्यालायक असल्याची जी हमी कायदा आपोआप देतो ती त्याला नाकारता येत नाही, मग बिलावर त्याने काहीही छापलेलं असो. हे तुमच्या हातातलं हत्यार आहे. कॅन्सल केल्यावर ते तसंच राहतं का यावर समोरचा वकील वाद घालणार हे नक्की. डीलर फक्त दुसऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट विकत असेल तर हा नियम लागतो का यावर कोर्टांची मतं एकसारखी नाहीत, तेव्हा त्या भरवशावर ४,२०० डॉलर अडकवून ठेवू नका.

तिसऱ्या कंपनीचं निघालं तर पत्र लिहा, तीन ओळींचं, कॉन्ट्रॅक्ट नंबर, खरेदीची तारीख, पूर्ण परतावा हवा एवढंच. सर्टिफाइड मेलने कॉन्ट्रॅक्ट कंपनीला, कॉपी डीलरला आणि बँकेला. डीलर म्हणेल या, बसून बोलू, जायची गरज नाही. लोन असल्यामुळे पैसे तुमच्या हातात येणार नाहीत, बँकेकडे जातील आणि मुद्दल कमी होईल, हप्ता बहुतेक तोच राहील पण लोन लवकर संपेल. कॅन्सल केल्यापासून ४५ दिवसांत परतावा आला नाही तर दर महिन्याला थकलेल्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत दंड कंपनीवर बसतो, आणि टीडीएलआरकडे तक्रार ऑनलाइन करता येते.

ठेवा असं मी कुणाला सांगते? ज्यांना भाड्याने द्यायचा नाही, ज्यांच्या ट्रेलरमध्ये स्लाइड-आउट, ऑटोमॅटिक जॅक, दोन एसी अशी भरपूर यंत्रं आहेत, ज्यांना पहिलं वर्ष संपत आल्यावर रोख पैसे देऊन, घासाघीस करून, वगळलेल्यांच्या यादीवालं कॉन्ट्रॅक्ट मिळतंय, मागे इन्शुरन्स कंपनी उभी आहे, त्यांना. किंमत ठरलेली नसते बरं का, एकच कॉन्ट्रॅक्ट दोन डीलर दोन भावांत विकतात.

कॅन्सल केल्यावर तुमच्याकडे पोस्टकार्डं आणि फोन सुरू होतील, वॉरंटी संपतेय, शेवटची सूचना वगैरे. सरळ कचऱ्यात टाका. टीव्हीवर जाहिराती करणाऱ्या कारशील्डने आणि तिचे क्लेम बघणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनला एक कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं, जाहिरातीत सांगितलेलं कव्हर आणि खरं कव्हर यांचा मेळ नाही हाच आरोप होता.

आणि आईबाबा यायच्या आधी एक करा. पुढचा चांगला पाऊस पडला की लगेच टॉर्च घेऊन ट्रेलरमध्ये जा, वरची कपाटं उघडा, स्लाइड-आउटचे कोपरे आणि खिडक्यांच्या खाली हात फिरवा, कुठे ओल लागली तर फोटो काढून त्याच दिवशी डीलर आणि कंपनी दोघांना ईमेल करा. फोनवर सांगू नका.