वाचकांचे प्रश्न : लोकसभेचे मत आणि भाषेचा प्रश्न

लोकसभेची निवडणूक आणि प्रादेशिक भाषेची अस्मिता यांच्या संबंधाविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच प्रश्न या अंकात घेतले आहेत. ज्या पत्रांत केवळ एखाद्या पक्षाची बाजू मांडली होती, ती बाजूला ठेवली आहेत.

प्रश्न : भाषा हा विधानसभेचा किंवा महापालिकेचा मुद्दा समजला जातो, लोकसभेला मतदार देशाचा विचार करतो असे म्हणतात. लोकसभेचा निकाल भाषेच्या प्रश्नावर कधी फिरला आहे का? (एक वाचक, सांगली)

फिरला आहे, आणि त्याचे ठळक उदाहरण आपल्याच राज्याचे आहे. राज्य पुनर्रचनेच्या १९५६ च्या कायद्याने तेलुगू, कन्नड आणि मल्याळम भाषकांना आपापली राज्ये मिळाली; मराठी आणि गुजराती भाषकांच्या वाट्याला मात्र मुंबईचे द्वैभाषिक राज्य आले. त्याआधीच, फेब्रुवारी १९५६ मध्ये, पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली होती. एरवी एकमेकांचे तोंड न पाहणारे समाजवादी, कम्युनिस्ट, शेतकरी कामगार पक्ष आणि शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन एका मागणीसाठी तीत एकत्र आले. १९५७ मध्ये लोकसभा आणि विधानसभा यांचे मतदान एकाच वेळी झाले. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण उडाली. मध्य मुंबईतून श्रीपाद अमृत डांगे आणि राजापुरातून नाथ पै हे समितीचे उमेदवार लोकसभेत गेले, तर काँग्रेसचे मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडमधून विधानसभेवर जेमतेम निवडून आले.

पुण्याचा निकाल अधिक बोलका आहे. तेथे समितीच्या ना. ग. गोरे यांनी काँग्रेसच्या काकासाहेब गाडगीळ यांना हरवले. गाडगीळ संयुक्त महाराष्ट्राचे विरोधक नव्हते; त्यांनी ती बाजू संसदेत ठामपणे मांडली होती. तरीही दिल्लीने जो निर्णय लादला, त्या दिल्लीच्या पक्षाचे ते उमेदवार होते. मतदाराने उमेदवाराची भाषाभक्ती तपासलीच नाही. निर्णय कोणाच्या हातात आहे हे त्याने पाहिले आणि त्या हातावर फटका मारला. मुंबई राज्यात काँग्रेसचे सरकार टिकले ते गुजरात, विदर्भ आणि मराठवाडा यांच्या बळावर.

पाचच वर्षांनी काय झाले, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला, समितीतील पक्षांचे जुने मतभेद पुन्हा वर आले आणि १९६२ मध्ये राज्यातील ४४ पैकी ४१ लोकसभा जागा काँग्रेसने जिंकल्या. त्या लोकसभेत डांगे नव्हते. नाथ पै राजापुरातून पुन्हा आले, पण तो त्यांचा स्वतःचा मतदारसंघ होता, समितीचा उरला नव्हता. माझे मत असे की भाषा ही कायमची मतपेढी नसते. भाषेशी जोडलेला एखादा ठोस, दिल्लीच्या अखत्यारीतला अन्याय समोर असेल तेव्हा ती लोकसभेचा निकाल फिरवते. तो अन्याय दूर झाला की तोच मतदार पाणी, भाव आणि रोजगार यांकडे वळतो, आणि यात त्याची अस्मिता कमी झालेली नसते.

तमिळनाडूचा (तेव्हाच्या मद्रास राज्याचा) दाखला याच्या विरुद्ध दिला जातो, पण तोही नीट पाहावा. घटनेने इंग्रजीला दिलेली पंधरा वर्षांची मुदत जानेवारी १९६५ मध्ये संपत होती, आणि हिंदी ही केंद्राची एकमेव राजभाषा होईल या भीतीने तेथे आंदोलन पेटले. १९६७ मध्ये द्रमुकने लोकसभेच्या लढवलेल्या सर्व २५ जागा जिंकल्या आणि राज्यात अण्णादुराई मुख्यमंत्री झाले. मात्र त्याच प्रचारात स्वस्त तांदळाचे आश्वासनही होते आणि टंचाईने गांजलेल्या घरांत ते पोचले होते. पुढे १९७१ मध्ये याच द्रमुकने इंदिरा गांधींच्या काँग्रेसशी युती करून लोकसभा लढवली. त्याआधी, १९६७ अखेरच्या राजभाषा दुरुस्तीने इंग्रजीचा वापर हिंदीतर राज्यांच्या संमतीशिवाय बंद होणार नाही अशी हमी दिली होती. युतीचा मार्ग मोकळा होण्यास या हमीचा हातभार लागला, असे मला वाटते.

प्रश्न : भाषा एक असेल तर राजकीय हितही एक असते, असे गृहीत धरावे का? (एक वाचक, नांदेड)

धरू नये. आपल्या जिल्ह्याला लागूनच तेलंगण आहे. आंध्र राज्य पोट्टी श्रीरामुलू यांच्या प्राणांतिक उपोषणानंतर १९५३ मध्ये झाले आणि १९५६ मध्ये तेलुगू भाषकांचे एकच मोठे राज्य तयार झाले. तरी स्थानिकांना नोकऱ्यांत प्राधान्य देणारे मुल्की नियम पाळले जात नाहीत, या तक्रारीवरून १९६९ मध्ये तेलंगणात उठाव झाला. १९७१ मध्ये देशभर इंदिरा गांधींची लाट असताना तेलंगण प्रजा समितीने लोकसभेच्या दहा जागा जिंकल्या. दोन्ही बाजूंना भाषा तेलुगूच होती. अखेर २ जून २०१४ रोजी वेगळे राज्य झाले.

गोव्याचे उदाहरण मराठी वाचकाला थोडे टोचते, म्हणून ते मुद्दाम सांगतो. १६ जानेवारी १९६७ रोजी तेथे सार्वमत झाले. महाराष्ट्रात विलीन व्हायचे असेल तर फुलावर, केंद्रशासित राहायचे असेल तर दोन पानांवर शिक्का मारायचा होता. दोन पाने सुमारे ३४ हजार मतांनी जिंकली. दोन-अडीच महिन्यांनी विधानसभेची निवडणूक झाली, आणि विलीनीकरणाचा पुरस्कार करणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षच निवडून आला. दयानंद बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले. बहुजन समाजाला जमीन आणि शिक्षण यांसाठी बांदोडकर हवे होते. त्यांपैकी काहींना आपला कारभार मुंबईतून चालायला मात्र नको होता. मराठीवर प्रेम असणे आणि महाराष्ट्राच्या सचिवालयाखाली जाण्यास तयार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेथील मतदाराने आपल्या पुढाऱ्यांपेक्षा लवकर ओळखले.

प्रश्न : भाषेच्या नावावर मत मागणे हा गुन्हा आहे का? असेल तर मराठीच्या संरक्षणाची भाषणे कशी चालतात? (एक वाचक, ठाणे)

लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(३) मध्ये धर्म, वंश, जात, समाज किंवा भाषा यांच्या आधारे मत देण्याचे अथवा न देण्याचे आवाहन हे ‘भ्रष्ट आचरण’ ठरवले आहे. हा पोलिसांनी पकडून नेण्याचा गुन्हा नव्हे. निकालानंतर ४५ दिवसांत उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते आणि आरोप सिद्ध झाल्यास निवड रद्द होते. पुढे सहा वर्षांपर्यंतची अपात्रताही येऊ शकते. भाषेच्या आधारे समाजांत वैर पसरवणे हा मात्र याच कायद्याच्या कलम १२५ खाली स्वतंत्र गुन्हा आहे.

मग भाषणे कशी चालतात, याचे उत्तर जगदेव सिंह सिद्धांती यांच्या खटल्यात आहे. १९६२ मध्ये ते तेव्हाच्या पंजाबातील झज्जर मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. हिंदी भाषक भागावर पंजाबीची सक्ती होत आहे, हा त्यांच्या प्रचाराचा गाभा होता. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये ती वैध ठरवली. आपली भाषा जतन करण्याचा हक्क घटनेच्या कलम २९ ने दिला आहे, तेव्हा त्यासाठी राजकीय चळवळ करणे किंवा मतदारांच्या भाषेसाठी काम करण्याचे आश्वासन देणे हे भ्रष्ट आचरण होत नाही, असे न्यायालयाने म्हटले.

जानेवारी २०१७ मध्ये अभिराम सिंह खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने चार विरुद्ध तीन अशा बहुमताने कलमाची कक्षा रुंदावली. हा वाद १९९० च्या सांताक्रूझ विधानसभा निवडणुकीतून उभा राहिलेला. उमेदवाराची भाषाच नव्हे, तर मतदाराची भाषा पुढे करून केलेले आवाहनही निषिद्ध आहे, असा त्याचा अर्थ होतो. दोन्ही निकाल शेजारी ठेवले तर माझ्या समजुतीप्रमाणे रेषा अशी आहे : “मराठी शाळा बंद पडू देणार नाही” हे आश्वासन चालेल; “मी मराठी, तुम्ही मराठी, म्हणून मला मत द्या” हे चालणार नाही. प्रचाराच्या धामधुमीत ही रेषा किती पाळली जाते, हे आपण ठाण्यात बसून आमच्यापेक्षा अधिक जाणता.

प्रश्न : निवडून गेलेला खासदार लोकसभेत मराठीत बोलू शकतो का? (एक वाचक, बीड)

होय. घटनेच्या कलम १२० नुसार संसदेचे कामकाज हिंदीत किंवा इंग्रजीत चालते, पण या भाषांत नीट मांडणी करता येत नसेल तर पीठासीन अधिकारी सदस्याला मातृभाषेत बोलू देऊ शकतात. आज भाषांतराची सोय असल्याने अडचण पूर्वीपेक्षा कमी आहे. शपथ मराठीत घेण्याची प्रथा तर रूढच झाली आहे. शपथेनंतरची पाच वर्षे मराठी किती ऐकू येते, हा प्रश्न आपण आपल्या खासदारांना विचारावा.

प्रश्न : मतदारसंघांची पुनर्रचना झाली तर हिंदी पट्ट्याचे वजन वाढेल आणि बाकी भाषांचे घटेल, असे दक्षिणेतून म्हटले जाते. महाराष्ट्राने त्यांच्याबरोबर उभे राहावे का? (दोन वाचकांचा एकत्रित प्रश्न)

राज्यांना मिळणाऱ्या लोकसभा जागांचे प्रमाण १९७१ च्या जनगणनेवर थांबवलेले आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ते गोठवले आणि ८४ व्या दुरुस्तीने ही मुदत २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत वाढवली. कुटुंबनियोजन यशस्वी करणाऱ्या राज्यांना शिक्षा होऊ नये, हा त्यामागचा हेतू होता. तमिळनाडूची भीती पोकळ नाही. त्या राज्याच्या जागा १९६२ मध्ये ४१ होत्या, १९६७ मध्ये ३९ झाल्या. २०११ च्या लोकसंख्येत त्याचा वाटा सुमारे ६ टक्के आहे, तर जागांत तो ७ टक्क्यांहून थोडा अधिक आहे. उत्तर प्रदेशाचे गणित उलट आहे : लोकसंख्येत साडेसोळा टक्के, जागांत पावणेपंधराच्या आसपास.

महाराष्ट्र मात्र यांपैकी पहिल्या रांगेत बसत नाही. लोकसंख्येत आपला वाटा सव्वानऊ टक्क्यांच्या वर आणि ५४३ पैकी ४८ जागांमुळे सभागृहात नऊ टक्क्यांहून किंचित कमी, असे चित्र आहे. म्हणजे केवळ लोकसंख्येच्या निकषावर आपले नुकसान होत नाही. संघराज्याच्या तत्त्वासाठी दक्षिणेला पाठिंबा द्यायचा असेल तर तो जरूर द्यावा, पण आपलेही तेच दुखणे आहे असे सांगून देऊ नये. मराठीचा पेच निराळा आहे. २०११ च्या जनगणनेत राज्यातील सुमारे ६९ टक्के लोकांनी मराठी ही मातृभाषा नोंदवली. लोकसंख्येची वाढ मुंबई-ठाणे-पुणे या पट्ट्यात एकवटली आहे, आणि वाढीव जागा मिळाल्याच तर त्यांतील बऱ्याच याच पट्ट्यात येतील. अशा मतदारसंघांत मराठी भाषक उमेदवाराला इतर भाषकांची मते मिळवूनच दिल्ली गाठावी लागेल.